शनिवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

परदेशी विद्यार्थ्यांविषयीची आपली बैठक येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता, नेहमीच्याच ठिकाणी. चहा आहे, पण उशिरा येणाऱ्यांना मिळेलच असं नाही.

संशोधक मंडळींना एक विनंती. मागच्या वेळी तक्ते छान होते, पण वसतिगृहाच्या रेक्टरांना त्यातून काय करायचं ते कळलं नाही. या वेळी निष्कर्ष बोलीभाषेत सांगा आणि 'म्हणून उद्यापासून काय बदलायचं' हेही सांगा.

रेक्टर, कार्यालयातले सहकारी आणि छत्रपती संभाजीनगरमधल्या बेगमपुऱ्यातले घरमालक यांनी प्रत्येकी एक खरा प्रसंग आणावा, नाव-गाव वगळून. परदेशी पाहुणा राहायला आला की ठेवून घेणाऱ्याने २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवायचं असतं. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने १४ दिवसांत याच कार्यालयाकडे नोंदणी करायची असते. हे नियम आपल्याला पाठ आहेत. पण भाडेकरार हातात नसताना ते १४ दिवस कसे जातात, हे कुठल्याच प्रश्नावलीत येत नाही. येमेनहून आलेल्या मुलाला इथे खोली मिळवणं प्रवेशापेक्षा अवघड जातं, असं मला तरी वाटतं. तपासून बघायला हवं.

आपली मुलं बाहेर जातात, तोही विषय घेऊ. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जालना-बीडची मुलं नेमकी कुठे अडकतात, याची नोंद कोणी ठेवली असल्यास वही घेऊन या.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा. नुसता अंगठा नको, 'येतो' किंवा 'येते' असं लिहा.