आमच्या मैफलींची ध्वनिव्यवस्था मार्गी लावणाऱ्या ध्वनी अभियंत्यांना जाहीर आभारपत्र

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार.

आमच्या संगीत मंडळाच्या मैफलींसाठी मिक्सरपासून (सर्व माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रापासून) बाहेरच्या यंत्रांपर्यंतच्या सर्व जोडण्या आपण नव्याने लावून दिल्यात आणि त्यांतील प्रत्येकीमागचे कारण आम्हा कार्यकर्त्यांना समजावून सांगितलेत, याबद्दल मंडळाच्या वतीने मनःपूर्वक आभार मानतो.

आमचे सभागृह लहान असल्याने तबल्याचा मूळ आवाजच शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, त्यामुळे स्पीकरला तो अगदी थोडा द्यावा लागतो. रेकॉर्डर मात्र मिक्सरच्या मुख्य आउटपुटला जोडलेला असे. परिणामी, जी मैफल श्रोत्यांना समतोल वाटलेली असे, तिच्याच ध्वनिमुद्रणात गायन पुढे आणि तबला कुठेतरी दूर राही. दोष कोणत्याही यंत्राचा नसून सभागृहाला हवे असलेले मिश्रण आणि ध्वनिमुद्रणाला हवे असलेले मिश्रण मुळातच वेगळे असते, हे आपण दाखवून दिलेत. दोन ऑक्स सेंड (मुख्य आउटपुटहून वेगळे मिश्रण बाहेर पाठवणाऱ्या वाटा) केवळ रेकॉर्डरसाठी राखून, ते फेडरच्या (सभागृहातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या नियंत्रणाच्या) आधीच्या टप्प्यावरून घेऊन, हेडफोनवर ऐकत आपण तबला, संवादिनी आणि तानपुऱ्यांचे प्रमाण ठरवलेत. आता डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्यांची जवारी ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते. साथीदारांची कला जशी वाजली तशी जतन होणे हा माझ्या दृष्टीने त्यांच्या सन्मानाचाच भाग आहे, आणि तो आपल्यामुळे राखला गेला. गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये येतानाच वाढवणारे नियंत्रण) मात्र सर्व वाटांना सामाईक असल्याने मैफल सुरू असताना त्याला हात लावायचा नाही, ही आपली सूचनाही आम्ही काटेकोरपणे पाळतो.

गायकासमोरचा मॉनिटर स्पीकर आपण फेडरच्या आधी घेतलात, म्हणजे सभागृहातला आवाज कमी-जास्त केला तरी गायकाला ऐकू येणारा आवाज ढळत नाही. रिव्हर्बचे, म्हणजे आवाजाला गुंज देणारे यंत्र मात्र फेडरनंतर जोडलेत, कारण मूळ स्वर खाली आणल्यावर त्याची गुंज मागे रेंगाळता कामा नये.

चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यासाठी आपण घेतलेल्या कष्टांचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. मिक्सरमधून निघणारी +४ डीबीयू (ध्वनिसंकेताच्या विद्युत पातळीचे माप) पातळी म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, तर कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला काही मिलिव्होल्टच पुरतात. त्यामुळे चित्रफितीतला आवाज फाटत असे. शिवाय कॅमेरा वेगळ्या ठिकाणच्या प्लगवर असल्याने अर्थिंगच्या दोन वाटा जोडल्या जाऊन अर्थिंगचे वर्तुळ तयार होऊन ५० हर्ट्झची घरघर येई. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकण्याची घातक पद्धत अनेक ठिकाणी दिसते. आपण तिला ठाम नकार दिलात आणि त्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधला थेट विद्युत संपर्क तोडून केवळ ध्वनिसंकेत पुढे नेणारे उपकरण) व पातळी उतरवणारा पॅड बसवलात. घरघर थांबली आणि रंगमंचावर बसणाऱ्या कलावंतांची सुरक्षितताही अबाधित राहिली, याचे मोल आम्ही जाणतो.

आपण हाताने काढून दिलेला जोडण्यांचा आराखडा मिक्सरच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवला आहे. परिसरातील इतर संगीत मंडळांनीही त्याची प्रत मागितली आहे. आपली हरकत नसल्यास ती त्यांना द्यावी, असा विचार आहे. कृपया आपली अनुमती कळवावी.

आपला कृतज्ञ,
मंडळाचा एक कार्यकर्ता