छोटूबरोबरचं वाचन सोडू नकोस

प्रिय चिऊ,

तुझा निरोप वाचला. छोटू नीट वाचत नाही, त्याच्याशी चर्चा करण्यात काही अर्थ नाही, पुढची कादंबरी तू एकटीच वाचणार. फोनवर हे बोलणं तुटक झालं असतं आणि मला सलग सांगायचं आहे, म्हणून पत्र लिहिते.

ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्या तुम्ही दोघं वाचायला लागलात, तेव्हापासून तुमच्या मागोमाग मीही त्या वाचते आहे. छोटू फोन स्पीकरवर ठेवतो, त्यामुळे तुमच्या गप्पा माझ्या कानावर पडतात. तुमच्यात काय बिनसलं याचा मला अंदाज आहे, आणि माझं मत तुझ्यापेक्षा वेगळं आहे.

आर्थर क्लार्कच्या 'रॉन्देव्हू विथ रामा'पासून सुरुवात करते. 1973 सालची ही कादंबरी, दोन्ही पुरस्कार मिळालेली. पन्नास किलोमीटर लांबीचा पोकळ दंडगोल, परग्रहवासीयांचं यान, सूर्यमालेत शिरतो. खगोलशास्त्रज्ञांची ग्रीक आणि रोमन देवतांची नावं वापरून संपलेली असतात, म्हणून त्याच्या वाट्याला 'रामा' हे नाव येतं. तू कागद घेऊन बसलीस. आतली त्रिज्या आठ किलोमीटर, चार मिनिटांत एक फेरी, म्हणजे आतल्या पृष्ठभागावर पृथ्वीच्या निम्म्याहून थोडं जास्त वजन जाणवणार. हिशेब जुळला तेव्हा तुझ्या आवाजातला आनंद मला इथे ऐकू आला. यानातला गोठलेला समुद्र वितळायला लागल्यावर आत वादळ का उठतं, तेही तू छोटूला किती सुरेख समजावून दिलंस! ते सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "पण ताई, त्यांनी आपल्याकडे एकदाही बघितलं कसं नाही?" तू म्हणालीस, तो मुद्दा नाही.

मला वाटतं, तोच मुद्दा आहे. एवढं मोठं यान येतं, सूर्याजवळून जातं आणि निघून जातं. माणसाची भीती, उत्सुकता, त्याने केलेले तर्क, यातल्या कशाचीही दखल कुणी घेत नाही. क्लार्कने आकडे इतके चोख ठेवले म्हणूनच ती उपेक्षा खरी वाटते. तुझा हिशेब चुकला असता तर छोटूचा प्रश्न पोकळ ठरला असता. आणि तो प्रश्न कुणी विचारलाच नसता, तर मग हिशेब तरी कशासाठी करायचा?

हे तुमच्या दोघांच्या बाबतीत मला पुन्हा पुन्हा दिसतं. तुझा पहिला प्रश्न असतो, हे घडू शकेल का? त्याचा असतो, हे घडलं तर माणसांचं काय होईल? चांगली विज्ञान कादंबरी या दोन्ही प्रश्नांवर उभी असते, आणि दोन्ही प्रश्न सारख्याच ताकदीने विचारणारा वाचक फार विरळा. आपल्या घरात तो तुम्हा दोघांत मिळून आहे. म्हणून मला तुमचं हे वाचन मोडायला नको आहे.

'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'वरून तर तुमचं भांडणच झालं. तुझा आक्षेप मला पटतो. आपल्या शेजारच्या अल्फा सेंटॉरीत तीन तारे आहेत खरे, पण प्रॉक्सिमा इतर दोघांपासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे 13,000 पट दूर आहे. कादंबरीत तीन ताऱ्यांच्या बेभरवशाच्या गतीचा दाखवलाय तसला गोंधळ त्या खऱ्या ताऱ्यांमध्ये माजणार नाही. तीन वस्तूंच्या गतीचं सर्वसाधारण उत्तर एका सूत्रात मांडता येत नाही, ही गोष्ट लेखकाने घेतली आणि ताऱ्यांची मांडणी आपल्याला हवी तशी बदलली. हे तू ओळखलंस, मला कौतुक वाटलं. पण त्यावरून "मग पुस्तकच फसलं" असा निकाल तू दिलास, तिथे मी तुझ्या बाजूने नाही. छोटू चीनच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या, 1967 सालच्या त्या प्रसंगापाशीच थांबला होता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बापाला भर सभेत मारहाण करून ठार करतात आणि मुलगी ते बघत उभी असते. पुढे आकाशातून "उत्तर देऊ नका" असा इशारा येतो आणि तीच मुलगी उत्तर पाठवते. छोटूला फक्त एवढंच बोलायचं होतं, तिने ते का पाठवलं. अर्धा तास तो त्याच गोष्टीभोवती फिरत राहिला आणि तू प्रॉक्सिमावर परत येत राहिलीस. लिउ त्सिशिनचं हे पुस्तक केन लिउ यांच्या अनुवादात 2015 साली ह्यूगो जिंकलं, आणि अनुवादित कादंबरीला तो पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. मत देणाऱ्या सगळ्यांनी ताऱ्यांमधली अंतरं तपासून पाहिली असतील असं मला वाटत नाही. त्या मुलीला मात्र ते विसरू शकले नसणार.

पुरस्काराबद्दलही एक सांगते, कारण "याला ह्यूगो आहे, तुला आवडायलाच हवं" असं तू त्याला म्हणालीस. ह्यूगो 1953पासून दिला जातो आणि तो जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद मतदानाने ठरवतात, म्हणजे मुख्यतः वाचक. नेब्युला या क्षेत्रातले लेखक देतात. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'ला पहिला नेब्युला मिळाला आणि ह्यूगो दुसऱ्या एका कादंबरीबरोबर वाटून मिळाला. त्याआधी वीसहून जास्त प्रकाशकांनी ती नाकारली होती. शेवटी जी संस्था छापायला तयार झाली, ती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होती! इतक्या जाणत्या संपादकांना जी कादंबरी झेपली नाही, तिची पहिली शंभर पानं एका शाळकरी मुलाला जड गेली तर त्यात त्याचं काय चुकलं? त्याने काय केलं ते आठव. पुस्तकाच्या शेवटी दिलेलं परिशिष्ट आधी वाचलं, कथेतल्या वाळवंटी ग्रहाच्या पर्यावरणाबद्दलचं, आणि मग पहिल्या पानावर परत आला. तू त्याला लबाडी म्हणालीस. पण पाण्याचा प्रत्येक थेंब तिथे का मोजला जातो, हे त्यानंतर तुम्हा दोघांत त्याने जास्त नीट सांगितलं.

आता ज्याचं मला खरंच वाईट वाटलं ते. ले ग्विनची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' तो हळूहळू वाचत होता. पहिल्या काही प्रकरणांत अडकला होता. तुला धीर धरवेना, म्हणून बर्फावरचा तो अख्खा प्रवास तू त्याला दहा मिनिटांत सांगून टाकलास, शेवटासकट. चिऊ, तो प्रवास त्याचा त्याने करायचा होता. जेन्ली आय दूत म्हणून त्या ग्रहावर येतो, आणि आपल्या बाजूने खरोखर कोण उभं आहे हे कळायला त्याला अर्ध्याहून जास्त पुस्तक लागतं. तिथल्या एस्त्राव्हेनवर त्याचा विश्वास बसत नाही, कारण तिथल्या माणसांना कायमचं एक लिंग नसतं आणि त्यांना स्त्री म्हणायचं की पुरुष, यातच तो अडखळत राहतो. तो उशीर लेखिकेने जाणूनबुजून ठेवला आहे. छोटू जेन्लीच्या चालीने चालला होता, आणि हे पुस्तक त्याच चालीने वाचायचं आहे.

आणि बघ, या पुस्तकावर पुरस्काराने पडदा पडला नाही. ग्रहावरच्या सगळ्यांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरल्याबद्दल वाचकांनी ले ग्विनला धारेवर धरलं. 1976च्या लेखात तिने स्वतःची बाजू मांडली, आणि पुढे 1987 साली त्याच लेखावर नव्या टिपा लिहून आपलं मत बदलल्याचं सांगितलं. मला ती या गोष्टीसाठी फार मोठी वाटते. दोन्ही पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाबद्दल खुद्द लेखिका वर्षानुवर्षं विचार करत राहिली, आणि तू पुस्तक मिटल्या दिवशीच निकाल देऊन मोकळी होतेस.

आता पुढच्या पुस्तकाविषयी. निवड छोटूला करू दे. त्याने कॉनी विलिसची 'डूम्सडे बुक' काढून ठेवली आहे. तू म्हणशील, हा तर इतिहास, यात विज्ञान कुठे? वाचून बघ. 2054 सालची इतिहासाची विद्यार्थिनी चौदाव्या शतकात जाते. पोहोचायचं असतं 1320 साली, आणि ती उतरते 1348मध्ये, प्लेग इंग्लंडात शिरतो त्या वर्षी. इकडे तिच्या स्वतःच्या काळातही साथ पसरते आहे, त्यामुळे नेमकं काय चुकलं हे शोधणारा माणूसच आजारी पडतो. साथ कशी पसरते, कोण वाचतं, माहिती असूनही हात का बांधलेले राहतात, हे सगळं तुझ्या आवडीचं आहे. कालप्रवासाच्या नियमांवर तू पोटभर वाद घाल.

एकच विनंती, पुढे धावू नकोस. भाग ठरवून घ्या, तिथवर दोघांनी वाचायचं आणि मग फोन. बोलायला बसताना प्रत्येकाने असा एक प्रश्न आणावा, ज्याचं उत्तर त्याला स्वतःला माहीत नाही. तू आणलेल्या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा तुझ्याकडे तयार असतात, आणि हे त्याला कळतं. म्हणून तो गप्प होतो. तू त्यालाच नीट न वाचणं समजतेस.

या कादंबरीचा शेवटचा भाग फार जड आहे. त्यात लहान मुलंही दगावतात. मी तो रात्री वाचला आणि बराच वेळ कुणाशी तरी बोलावंसं वाटत राहिलं. छोटू मनाला लावून घेणारा आहे, तुला माहीतच आहे. तो भाग त्याने तुझ्याबरोबर वाचावा असं मला वाटतं, आणि खरं सांगायचं तर तूही तो एकटीने वाचू नयेस.

त्याने पहिला भाग सुरू केला आहे. तू चिडलीस हे त्याला माहीत आहे, पण का ते कळलेलं नाही. या आठवड्यात तूच फोन कर.

तुझी,
आई