आई-बाबा, यंदा तरी

सिएटल,
फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं मजेत आहोत. पावसाची रिपरिप चालूच आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या मरिनर्सची बेसबॉलची स्पर्धा मार्चअखेरीला सुरू होणार, मग आत्तापासून कसली एवढी धाकधूक?" छोटीची शाळेची घाई होती, धड बोलताच आलं नाही. आणि आई, तू मागून म्हणालीस की असल्या खेळापायी झोपेचं खोबरं करून घेऊ नकोस. तुम्हा दोघांनाही नीट सांगावं म्हणून लिहायला बसले.

इथल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये 30 संघ आहेत, त्यांतला आमच्या सिएटलचा मरिनर्स. दर फेब्रुवारीत ते सगळे थंडी सोडून उन्हाच्या मुलखात मुक्कामाला जातात, 15 फ्लोरिडात आणि 15 ॲरिझोनात. मरिनर्सचा मुक्काम फिनिक्सजवळच्या पिओरिया गावी असतो. तिथलं मैदान 1994 पासून त्यांचं आणि सॅन डिएगोच्या संघाचं सामाईक आहे. आधी पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून तो झेलणारे) पोचतात, बाकीचे काही दिवसांनी. मग महिनाभर सराव सामने. त्यांच्या निकालाला काडीची किंमत नसते, सामना बरोबरीत सुटला तरी कुणाची तक्रार नसते. नावाजलेले खेळाडू नऊपैकी तीन-चार इनिंग खेळून निघून जातात आणि त्यांच्या जागी पाठीवर 80-90 नंबर असलेली कोवळी पोरं येतात.

पण बाबा, खरा वर्षभराचा पाया इथेच पडतो. पुढे सहा महिन्यांत 162 सामने, म्हणजे जवळजवळ रोज एक. एवढं ओझं पिचरच्या हाताला एकदम पेलत नाही. म्हणून पहिल्या सामन्यात तो एकच इनिंग टाकतो, पाचेक दिवसांनी दोन, मग तीन, असं करत मार्चअखेर पाच-सहा इनिंगपर्यंत येतो. या चढणीत कुठे खांदा धरला की सगळं वर्ष विस्कटतं. सकाळी चहा ठेवला की मी आधी बातम्या उघडते, ते याच भीतीने. "हलकी सूज", "खबरदारी म्हणून विश्रांती" असले शब्द दिसले की पोटात गोळा येतो.

भीती उगाच नाही. गेल्या वर्षी याच शिबिरात जॉर्ज कर्बीचा खांदा दुखावला आणि तो मेच्या उत्तरार्धापर्यंत मैदानात दिसला नाही. एप्रिलच्या शेवटी लोगन गिल्बर्टचं कोपर गेलं. ब्राइस मिलरलाही कोपराने छळलं. सगळ्यांत भरवशाचा ब्रायन वू, तो ऐन सप्टेंबरात छातीचा स्नायू दुखावून बसला. कोपरातला लिगामेंट तुटला तर टॉमी जॉन नावाची शस्त्रक्रिया करावी लागते. 1974 मध्ये ती पहिल्यांदा ज्या पिचरवर झाली, त्याचंच नाव तिला पडलं. त्यातून परत यायला वर्ष, कधी दीड वर्षही लागतं. आमचा संघ उभा आहे तो हे चौघे धरून पाच पिचरच्या हातांवर. त्यांच्यातला एकेक जण सराव संपवून ठणठणीत बाहेर पडला असं वाचलं की मला तो दिवस चांगला जातो.

आता गेल्या ऑक्टोबरचं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी तुम्ही फोन केलात तेव्हा माझा आवाज पडलेला होता आणि आईला वाटलं, घरात कुणाचं तरी बिनसलंय. तेव्हा इथे आदल्या दिवशीची, 20 ऑक्टोबरची रात्र होती आणि टोरंटोविरुद्धचा निर्णायक सातवा सामना नुकताच संपला होता. तो जिंकलो असतो तर मरिनर्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे लीगच्या अंतिम लढतीला, गेले असते. हा संघ 1977 पासून खेळतोय आणि वर्ल्ड सिरीज त्याने एकदाही पाहिलेली नाही. 30 संघांत असा हा एकटाच. 2001 मध्ये 116 सामने जिंकूनही शेवटी न्यू यॉर्ककडून हरले, त्यानंतर 21 वर्षं बाद फेरीचं तोंड दिसलं नाही. त्या रात्री सातव्या इनिंगमध्ये आम्ही 3-1 ने पुढे होतो. अजून फक्त 8 बाद हवे होते. टोरंटोचे दोघे बेसवर (धाव पुरी करायच्या वाटेतल्या थांब्यांवर) होते, त्यांच्याच जॉर्ज स्प्रिंगरने चेंडू डाव्या बाजूला स्टँडमध्ये धाडला, तिघांच्या तीन धावा झाल्या आणि 3-1 चे 3-4 झाले. तिथेच संपलं.

इथल्या मित्रमंडळींना हे दुःख कळतं, पण बाबा, मला खरी आठवण तुमची आली. महाराष्ट्राने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो 1940-41 मध्ये, देवधरांच्या संघाने, तुमच्या जन्माच्याही आधी. तरी दर मोसमाला तुम्ही पेपरातला धावफलक बोट ठेवून वाचत आलात. 1992-93 ला लुधियान्यात पंजाबकडून हरलो तेव्हा मी लहान होते, पण घरातलं ते जेवण मला आठवतंय, कुणीच बोलत नव्हतं. 2013-14 ला केदार जाधवने त्या मोसमात 1223 धावा काढल्या, संघ हैदराबादला अंतिम सामन्यात पोचला, आणि कर्नाटकाने हरवलं. सांगलीत लोक म्हणायचे, मुंबईच्या बाजूने व्हा की, करंडकांची रास आहे. तुम्ही म्हणायचात, "आपला संघ तो आपला संघ." एवढंच. मी सिएटलला नवी आले तेव्हा गाडीतल्या रेडिओवर रोज हरणाऱ्या मरिनर्सचं समालोचन ऐकत कामावरून घरी यायचे. न्यू यॉर्कचा किंवा लॉस एंजेलिसचा संघ धरता आला असता. माझ्या मनात ते आलंच नाही, आणि ते तुमच्यामुळे.

म्हणून यंदा धाकधूक जास्त आहे. आशा मोठी आहे ना! आधी कुणी आमच्याकडून फार काही अपेक्षाच करत नव्हतं. यंदा जाणकारसुद्धा आमचं नाव घेतायत. जॉश नेलर पाच वर्षांसाठी परत सही करून बसला, हे फार बरं झालं. पण डेट्रॉइटविरुद्ध 15 व्या इनिंगमध्ये ज्याच्या फटक्यावर आम्ही तो अजब सामना जिंकला, तो होर्हे पोलांको न्यू यॉर्कच्या मेट्सकडे गेला. एउहेनियो सुआरेझही आता आपल्या संघात नाही. हसऱ्या चेहऱ्याचा माणूस, संघातली पोरं त्याच्यावर जीव टाकायची. आतल्या मैदानातल्या जागांसाठी आता चुरस आहे, आणि त्यात कोल्ट एमर्सन नावाचा 20 वर्षांचा मुलगा आहे. सगळे म्हणतात घ्या त्याला. मला वाटतं, घाई करू नये. खालच्या पातळीवर त्याने अजून थोडं खेळून पक्कं व्हावं. वीस वर्षांच्या पोराच्या पाठीवर एका शहराची पन्नास वर्षांची आस ठेवायची, हे मला पटत नाही.

आई, तुझ्यासाठी कॅल रॅलीबद्दल लिहिते, तुला आवडेल. कॅल आमचा कॅचर. हे काम सगळ्यांत कष्टाचं. सामनाभर उकिडवं बसायचं, दीडशे किलोमीटर वेगाचे चेंडू झेलायचे, गुडघ्यांचं पार पीठ होतं. तसं बसून झाल्यावर या माणसाने गेल्या वर्षी 60 होम रन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले. कुठल्याही कॅचरने एका मोसमात 48 च्या वर मारले नव्हते. जुलैत होम रनची वेगळी स्पर्धा असते, त्यात त्याला चेंडू टाकायला त्याचे वडील उभे होते आणि मागे झेलायला धाकटा भाऊ, शाळकरी पोरगा. आणि तो जिंकला! आम्ही तिघं टीव्हीसमोर ओरडत होतो. 2022 मध्ये ती 21 वर्षांची उपासमार संपवणारा होम रनही त्याचाच, शेवटच्या इनिंगमध्ये, बदली म्हणून येऊन मारलेला.

तर या कॅलची मला सध्या सगळ्यांत जास्त काळजी. मार्चमध्ये देशादेशांची वर्ल्ड बेसबॉल क्लासिक स्पर्धा आहे. तो अमेरिकेकडून खेळणार, आमचाच हुलिओ रॉड्रिगेझ डॉमिनिकन रिपब्लिककडून. देशासाठी खेळावं, यात मला शंकाच नाही, बाबा, तुम्ही वेगळं काही शिकवलेलं नाही. पण 2023 च्या स्पर्धेत एडविन डियाझ, पूर्वी आमच्याकडेच होता, पोर्तो रिकोच्या विजयानंतर मैदानात नाचताना गुडघा फाडून बसला आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं. शिवाय सराव शिबिराचे हे दिवस म्हणजे कॅचरने आपल्या पिचरांचे हात ओळखायचे दिवस. कुणाचा कुठला चेंडू यंदा वळतोय, कुणाला कधी दोन शब्द सांगायचे, हे सगळं इथे ठरतं. तो नेमका त्या दिवसांत दुसरीकडे.

यंदा एक नवा नियमही आलाय. बाबा, तुम्हाला डीआरएस माहीत आहे, तसंच समजा. चेंडू बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल), हा अंपायरचा निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर यांच्यापैकीच कुणीतरी लगेच डोक्यावर थाप मारून दाद मागायची. कॅमेऱ्यांनी टिपलेला चेंडूचा मार्ग पडद्यावर दिसतो. प्रत्येक संघाला दोन संधी, दाद बरोबर निघाली तर संधी शिल्लक राहते. डगआउटमधून कुणी खूण करायची नाही. मला हा नियम आवडतो, कारण न्याय होतो. पण कॅलचं एक कसब असं की तो कडेचा चेंडू इतक्या हळुवार हाताने झेलतो की अंपायरला तो स्ट्राइकच वाटतो. त्या कसबाची किंमत आता कमी होणार का? माझा अंदाज, उलट त्याचा फायदा होईल. त्याच्याइतकी कुठला चेंडू कुठून गेला याची जाण फार थोड्यांना असेल, म्हणजे दाद केव्हा मागायची हे त्यालाच सर्वांत चांगलं कळेल.

मार्चमध्ये छोटीच्या सुट्टीत आम्ही पिओरियाला जाणार आहोत. सामन्याच्या आधी मागच्या मैदानांवर सराव चालतो तो मला सामन्याहून प्रिय आहे. कुंपणाला नाक लावून उभं राहता येतं, इतक्या जवळून. ओळीने पाच-सहा पिचर चेंडू टाकत असतात आणि कॅचरच्या चामडी हातमोज्यात तो बसतो तेव्हा फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. एकाचा आवाज विरायच्या आत दुसऱ्याचा. पलीकडे दुसरी टोळी एकच गोष्ट घोकत असते: पिचरने चेंडू टाकल्याचा अभिनय करायचा, प्रशिक्षकाने जमिनीवरून चेंडू मारायचा, पिचरने पहिल्या बेसकडे धावायचं, चेंडू झेलायचा, पायाने बेस शिवायचा. पुन्हा रांगेत. कोट्यवधी डॉलर मिळवणारी माणसंही त्या रांगेत उभी असतात. छोटीला मी मुद्दाम ते दाखवते.

आणि तिथे इचिरो असतो. इचिरो सुझुकी, 2001 साली जपानहून आला आणि पहिल्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2004 मध्ये एका मोसमात 262 हिट (बेस गाठून देणारे फटके), तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. गेल्या वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथे पोचलेला पहिला जपानी, आणि ऑगस्टमध्ये मरिनर्सनी त्याचा 51 नंबर कायमचा राखून ठेवला. आज तो 52 वर्षांचा आहे, तरी संघाचा गणवेश चढवून पोरांबरोबर मैदानात उतरतो, चेंडू फेकतो, झेलतो. मागच्या वेळी मी त्याला व्यायाम करताना पाहिलं. पाय फाकवून, गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक खांदा आत वळवत, कितीतरी वेळ. घाई म्हणून नाही. परक्या देशातून येऊन एका गावाचा असा होऊन गेलेला माणूस पाहिला की मला भरून येतं, ते का, हे तुम्हाला सांगायला नको.

बरं, आता कामाचं. जूनमध्ये तुम्ही येताय तेव्हा आपण सामन्याला जायचंच. मैदानावर सरकतं छप्पर आहे, भिजायची भीती नाही, पण ते छत्रीसारखं फक्त वर असतं, बाजूने वारा लागतो. आई, शाल आणि पायमोजे हवेतच. बाबा, तुमच्या गुडघ्याला जिने नकोत म्हणून लिफ्टजवळच्या जागा पाहून ठेवल्या आहेत. दुपारचा सामना घेऊ की संध्याकाळचा, ते कळवा. दुपारी ऊन छान असतं, मात्र आईची दुपारची झोप मोडेल. तिकिटं लवकर काढावी लागतील, गेल्या वर्षीपासून गर्दी फार वाढली आहे.

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून आणा. कुर्डया जास्त नकोत, मागच्या आहेत अजून. महाराष्ट्राचं यंदाचं काय झालं ते बाबांनी सविस्तर लिहावं. नवीन पोरांत कोण चांगला वाटतो, तेही.

छोटीचा तुम्हाला नमस्कार. जावई सांगतायत, त्यांचाही.

तुमची लेक