सुवर्णदुर्गावर उतरायचं कसं, मंत्रिमहोदय?

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, म्हणून हे पत्र मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. शब्द माझे, शुद्धलेखन तिचं.

11 जुलै 2025 ला युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा आमच्या कॉलनीतही पेढे वाटले. आयुष्य साताऱ्यात गेलं, अजिंक्यतारा, सज्जनगड पायाखालचे. पाण्यातला किल्ला तेवढा राहिला होता. गुडघे शाबूत आहेत तोवर जाऊन येऊ म्हणून हर्णै गाठलं. सुवर्णदुर्ग त्या बारांतलाच.

आता आपल्या जागतिक वारशात उतरायची रीत ऐका. होडी किल्ल्याजवळ जाते, लाटांवर डुलत राहते आणि तांडेल सांगतो, "उतरा, गुडघाभरच पाणी आहे." धक्का नाही, धरायला दोर नाही. मी पाय टाकला, तेवढ्यात लाटेनं होडी मागे सरली. पाय शेवाळलेल्या दगडावर, हात अंगाखाली. तांडेलाच्या पोरांनी उचलून वाळूत बसवलं. त्यांना कशाला बोल लावू? भरती-ओहोटी सांभाळून माणसं ने-आण करायची, हे त्यांचं पोट आहे. होडी पुढची फेरी आणायला गेली, ती परत येईपर्यंत मी महादरवाज्यात पदराने हात बांधून बसले. पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती, माझा सुवर्णदुर्ग एवढाच.

पुढे दवाखाना. एक्स-रेचं यंत्र होतं, चालवणारा रजेवर. मोडलेलं मनगट घेऊन खड्ड्यांतून पुढच्या गावाला जा, म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते. महिना झाला, वेणीसुद्धा नात घालते. साठी उलटलेल्या बाईला दुसऱ्याच्या हातून जेवावं लागतं, याची भरपाई कुठल्या योजनेत बसते, तेही कळवा.

आणि हात मोडला नसता, तरी? किल्ल्यावर बायकांनी जायचं कुठे? म्हणून आम्ही सगळ्याजणी सकाळपासून घोटभर पाणी न पिता होडीत चढलो होतो. हे तुमच्या जाहिरातीतल्या ड्रोनच्या चित्रात दिसत नाही.

त्याच्या दोन दिवस आधी मालवणात होतो. धामापूरच्या तळ्याकाठी, भगवतीच्या देवळाशी बसलो, डोळे निवले. नागेश देसाईंनी 1530 मध्ये बांधलेलं तळं, अजून पाणी देतंय. 2020 मध्ये त्यालाही जागतिक मान मिळाला. मान मिळवण्यात आपण मागे नाही! मग सिंधुदुर्ग पाहिला. 1664 ला पाया घातला, 1667 ला किल्ला उभा. एक कोटी होन लागले असं सांगतात, खरंखोटं इतिहासकार जाणोत. पण तीन वर्षं, तीही भर समुद्रात, शत्रू डोळ्यांसमोर असताना. तुमचा मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून रुंद होतोय. त्याच मालवणात राजकोटला 4 डिसेंबर 2023 ला महाराजांचा पुतळा उभा केलात, 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा नाहीत. वारा जोराचा होता म्हणे. सिंधुदुर्गाचा तट साडेतीनशे वर्षं कुठला वारा खातोय? (नात म्हणते, आजी, विषय सोडू नकोस. विषय हाच आहे, बाळ.)

धक्का कुणी बांधायचा, हे विचारलं की किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा, पाणी सागरी मंडळाचं, किनारा ग्रामपंचायतीचा. पडणारी बाई कुणाची, ते कुणी सांगत नाही. मतं मागायला मात्र सगळे एकाच गाडीतून येतात आणि प्रत्येक भाषणाची सुरुवात महाराजांच्या नावाने होते.

मागणं फार नाही. तटाला धक्का न लावता तरता का होईना, एक धक्का द्या. होड्यांपाशी प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा माणूस. हर्णैच्या किनाऱ्यावर बायकांसाठी उघडं असलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. पुतळ्याच्या चौथऱ्याहून हे स्वस्त पडेल.

आणि एकदा स्वतः या. ओहोटीला, साध्या होडीतून, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन. तारीख आधी जाहीर करू नका, नाहीतर रात्रीतून लाकडी फळ्यांचा धक्का उभा राहील आणि तुमची गाडी वळली की फळ्या ठेकेदाराच्या टेम्पोत जातील.

आपली,
साताऱ्याची एक करदाती