टक्के छापता, मग जोड्या का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (२०१९-२१) एक आकडा वर्तमानपत्रांत अधूनमधून डोकं वर काढतो: नवऱ्याने बायकोला मारणं देशातल्या ४५ टक्के बायकांना समर्थनीय वाटतं. पुरुषांचा आकडा ४४. मग बायकांच्या आकड्यांवरून राज्याराज्यांची शर्यत लागते, तेलंगणा ८४ टक्के, हिमाचल प्रदेश १५ टक्के, आणि दोन दिवस हळहळून विषय मिटतो. आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो एकटाच छापला जातो ही तक्रार आहे. समाजात मुरलेली समजूत आतून कशी रचलेली आहे, काय कशाला बांधलेलं आहे, हे एकट्या टक्केवारीतून कळत नाही.

मुळात प्रश्न काय होता ते पाहा. ‘मारणं योग्य आहे का?’ एवढाच मोघम प्रश्न नव्हता. सात कारणं एकेक करून वाचून दाखवली होती: बायको न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं, नवऱ्याशी वाद घातला, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला तिच्या वागणुकीचा संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान राखला नाही. यांतल्या एकाला जरी ‘हो’ म्हटलं तरी बाई त्या ४५ टक्क्यांत गेली. सर्वांत जास्त होकार सासरच्यांचा मान न राखण्याला आहेत, ३२ टक्के. त्याखालोखाल घर-मुलांकडे दुर्लक्ष, २८ टक्के. शरीरसंबंधाला नकार हे कारण तळाशी, ११ टक्के.

आता साधी बेरीज करू. ३२ आणि २८ मिळून ६० होतात. पण निदान एक कारण मान्य असलेल्या बायकाच ४५ टक्के आहेत. म्हणजे ही दोन्ही कारणं मान्य करणाऱ्या किमान १५ टक्के असल्याच पाहिजेत, आणि जास्तीत जास्त २८. सगळी मेख या १५ आणि २८ च्या मधे आहे. आकडा १५ च्या आसपास असेल, तर बऱ्याच जणींना फक्त सासरचा मान पटतो आणि बऱ्याच जणींना फक्त घरकामाचं कारण. म्हणजे समजुती दोन आहेत. तो २८ ला टेकत असेल, तर घरकामाचं कारण मान्य करणारी जवळजवळ प्रत्येक बाई मानापमानाचंही कारण मान्य करते. म्हणजे समजूत एकच, तिची तोंडं दोन. गावात जाऊन बायकांशी बोलणाऱ्या समुपदेशक ताईला हा फरक कळला, तर तिची बोलायची सुरुवातच बदलेल. बातमीत मात्र तो कधी येत नाही.

हे शोधायच्या रीती काही आजच्या नाहीत. फ्रान्समध्ये सर्ज मॉस्कोविसी यांनी १९६१ साली मनोविश्लेषणाची कल्पना सामान्य लोकांत आणि वर्तमानपत्रांत शिरताना कशी बदलली याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘सामाजिक प्रतिरूपं’, म्हणजे समाजात सामायिक असलेल्या समजुती, हा विषय उभा राहिला. पुढे झाँ-क्लोद आब्रिक यांनी १९७६ मध्ये मांडलं, की प्रत्येक सामायिक समजुतीला एक छोटा, हट्टी गाभा असतो आणि त्याच्या कडा परिस्थितीप्रमाणे लवतात. क्लोद फ्लामाँ यांनी त्याला आलेखशास्त्राची, म्हणजे ठिपके आणि रेघांच्या गणिताची, जोड दिली.

ती रीत कागद-पेन्सिलीने करण्यासारखी आहे. संख्याशास्त्र शिकवत असताना मी मुलांना ती फळ्यावर करायला लावत असे. सात कारणांचे सात ठिपके काढा. त्यांच्या जोड्या होतात २१. प्रत्येक जोडीसाठी बघा: दोहोंपैकी निदान एक कारण ज्यांना मान्य आहे, त्यांच्यातल्या शेकडा किती जणींना दोन्ही मान्य आहेत? सर्वांत मोठ्या आकड्यापासून रेघा जोडत या, फक्त रेघा फिरून त्याच ठिपक्यावर येतील असा फेरा कुठे होऊ देऊ नका. सहा रेघांत सातही ठिपके जोडले जातात. कोणत्या ठिपक्यापाशी रेघा गोळा झाल्या आणि कोणता टोकाला लोंबकळतो आहे, हे मग डोळ्यांना दिसतं.

इथे एक सावधगिरी हवी. जे जास्त वेळा येतं तेच गाभ्याचं, असं नसतं. पास्कल मोलिने यांचा ‘आदर्श गटा’वरचा प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. आदर्श गटात कुणी वरिष्ठ नसतो आणि सगळ्यांची मतं जुळतात, ही दोन्ही लक्षणं लोक सारख्याच प्रमाणात सांगत. मग त्यांना सांगितलं, की गटात मतभेद आहेत. तरी बहुतेकांच्या लेखी तो आदर्श गटच राहिला. पण गटात साहेब आहे म्हटल्यावर बहुतेकांनी ते नाव काढून घेतलं. आपल्याकडे असंच विचारता येईल: ‘सून सासूला उलटून बोलते, तरी तिला चांगली बायको म्हणाल का?’ आणि मग तेच स्वयंपाकाबद्दल. नाव जिथे काढून घेतलं जातं, तिथे गाभा. ३२ टक्क्यांवरून ते ठरत नाही.

तोंडदेखल्या उत्तरांचा प्रश्नही आहेच. भारत मानव विकास सर्वेक्षणाने यावर चांगली तोड काढली होती: ‘तुम्हाला काय वाटतं’ असं न विचारता ‘तुमच्या समाजात अशा वेळी नवरे बायकांना मारतात का’ असं विचारलं. फ्रेंच अभ्यासकही, लोक स्वतःच्या नावावर जे बोलत नाहीत ते ‘इतर लोक काय म्हणतील’ असं विचारून काढतात.

जाता जाता एक सांगतो. मोजमापात आपण मागे कधीच नव्हतो. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचं, दोन गट एकमेकांपासून किती वेगळे हे सांगणारं, अंतराचं प्रसिद्ध सूत्र (१९३६) शरीरमापांच्या अभ्यासातून आलं. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्राची शरीरमापं १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. डोक्याची रुंदी आणि नाकाची लांबी यांचे परस्परसंबंध काढायला केवढा उत्साह! त्याच डोक्यातली समजूत मोजायची वेळ आली, की हो-नाहीच्या टक्क्यांवर भागवायचं.

या सर्वेक्षणाचं काम पाहणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आपल्या मुंबईत देवनारलाच आहे. नावं वगळलेली व्यक्तिवार माहिती अभ्यासकांना मिळते, त्यामुळे जोड्यांचा तक्ता करायला नवं सर्वेक्षण लागत नाही. पुढच्या वेळी असा आकडा छापण्याआधी एखाद्या महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागाला तेवढं काम सांगा. २१ आकडे दोन रकान्यांत सहज बसतात. फक्त सातही कारणांना सरसकट ‘हो’ म्हणणाऱ्या बायका त्यात वेगळ्या दाखवायला सांगा. लांबलचक प्रश्नावली एकदाची संपावी म्हणून मान डोलावणाऱ्याही त्यांत असतात, आणि त्या मिसळल्या तर प्रत्येक जोडी उगाच घट्ट दिसते.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा