रिहॅबला दोघंही जा

प्रिय आई, बाबा,

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, कारण यातलं अर्धं आईसाठी आहे.

बाबा, हार्ट अटॅकनंतरच्या रिहॅबला, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम करून घेणाऱ्या त्या सेंटरला, जाणं थांबवण्याची तुम्ही दोन कारणं दिलीत. आधी म्हणालात, स्टेंट बसला, ब्लॉक गेला, आता तिथे जाऊन सायकल कशाला मारायची? मग म्हणालात, हृदय एकदा दुबळं झालं ते झालं, त्याला आणखी ताण कशाला द्यायचा? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, पण दोन्ही तुमच्या मनात आहे, आणि दोन्हींचा शेवट घरी बसण्यातच होतो. स्टेंटने एका ठिकाणचा अडथळा दूर झाला, रक्तवाहिन्यांचा आजार गेला नाही. आणि हृदय हा स्नायू आहे. बेताबेताने व्यायाम दिला तर शरीर तेच काम कमी ताणात करायला शिकतं.

हे तुमच्या एकट्याचं नाही. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी हार्ट अटॅकनंतर दवाखान्यात असलेल्या रुग्णांना त्यांच्या आजाराबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं. हा आजार आटोक्यात ठेवता येतो असं ज्यांना वाटत होतं, ते पुढे रिहॅबला जास्त गेले. हा अभ्यास 1996 साली छापून आला. त्याच गटाने नंतर रुग्णांना स्वतःच्या हृदयाचं चित्र काढायला सांगितलं. ज्यांनी हृदयाचा मोठा भाग खराब झालेला दाखवला, त्यांना कामावर परतायला जास्त वेळ लागला, आणि हा अंदाज रक्ताच्या तपासणीपेक्षा चित्रावरून जास्त चांगला आला. हे वाचल्यापासून मला वाटतंय की तुम्हालाही कागद-पेन्सिल द्यावी. तुमच्या चित्रातलं हृदय रिपोर्टमधल्या हृदयापेक्षा कितीतरी जास्त मोडलेलं असेल. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, माझं हृदय नक्की किती काम करतंय. आकडा त्यांच्या तोंडून ऐका.

मागच्या वेळी आले होते तेव्हा तुम्हाला जिना चढताना पाहिलं. अर्ध्यावर थांबून तुम्ही डाव्या मनगटावर बोटं ठेवलीत आणि ओठ हलवत ठोके मोजलेत. दम लागला नव्हता, भीती वाटली होती. अटॅकनंतर छातीतली प्रत्येक धडधड धोक्याची वाटू लागते, मग माणूस धडधड होईल असं काही करतच नाही. हालचाल कमी झाली की ताकद कमी होते, मग थोड्याशा श्रमानेही धडधडतं, आणि भीती खरी होती असं वाटतं. रिहॅब या चक्राला तोडतं, कारण तिथे तुम्ही घाम येईपर्यंत चालता आणि छातीवर लावलेल्या तारा समोरच्या पडद्यावर दाखवत असतात की सगळं ठीक आहे. हा विश्वास कुणी सांगून येत नाही, स्वतः चालून येतो.

आणि ते ठोके मोजणं. तुम्हाला बीटा ब्लॉकर चालू आहे, त्या गोळीने नाडी मुळातच कमी राहते. त्यामुळे किती श्रम झाले ते नुसत्या नाडीवरून कळत नाही. म्हणूनच रिहॅबमधले लोक तुम्हाला 6 ते 20 मधला आकडा विचारतात, "किती जड जातंय?" म्हणून. तुम्हाला तो प्रश्न पोरकट वाटला होता. ती बोर्ग स्केल आहे, गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने बनवलेली. साधारण 11 ते 13 म्हणजे हलकं ते थोडं जड, तेवढ्यात राहायचं. तुम्हाला आतून काय जाणवतं, त्याला तिथे किंमत आहे.

एक गोष्ट फोनवर बोलायला जड जाते. तुम्ही पहाटे जागे होता, मित्रांचे फोन घेत नाही, आईवर चिडता. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एका रुग्णाला डिप्रेशन येतं. तो स्वभावाचा दोष नाही. त्यात माणसाला कुठे जाण्याची इच्छाच उरत नाही, म्हणून रिहॅब सुटतं, आणि रिहॅबमुळे मनही सुधारतं ते राहून जातं. डॉक्टरांना हे सांगाल का? ते विचारतील याची वाट पाहू नका.

आता आई. तू त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतेस, "बसा, मी आणते" म्हणतेस. त्या रात्री जे पाहिलंस त्यानंतर दुसरं काय करशील, हे मला कळतं. पूर्वी डॉक्टरही हेच सांगत, अटॅक आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणात झोपवून ठेवत. 1952 साली लेव्हिन आणि लाउन या अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवायला सांगितलं, तेही तेव्हा अनेकांना धाडसाचं वाटलं. पण आता आपल्या घरात बाबांची ताकद किती, याचा निर्णय तुझ्या चेहऱ्यावरून होतो. तू दचकलीस की ते थांबतात.

1985 साली स्टॅनफर्डमध्ये एक छोटा अभ्यास झाला, तीसच जोडप्यांचा. अटॅक येऊन काही आठवडे झालेल्या नवऱ्यांची ट्रेडमिलवर चाचणी होती. काही बायका बाहेर बसल्या, काहींनी पाहिलं, आणि काही पाहून झाल्यावर स्वतः त्याच ट्रेडमिलवर थोडा वेळ चालल्या. नवरा किती श्रम झेलू शकतो याची खात्री चालून पाहिलेल्यांनाच सर्वांत जास्त पटली. अभ्यास लहान आहे, तरी मला तो पूर्ण पटतो. तू बाहेरच्या बाकावर बसू नकोस. आत जा, पडदा बघ, त्यांना विचारून तूही त्या पट्ट्यावर चालून बघ. मात्र आधी तुझ्या बीपीबद्दल तिथल्या डॉक्टरांना सांग.

बाबा, सेंटरला फोन तुम्हीच करा. मी तुमच्या वतीने वेळ ठरवू शकते, पण तसं करणार नाही; जायचं की नाही हे तुमचं आहे. फोन केलात तर तीन गोष्टी विचारा: मध्ये खंड पडला तर पुन्हा कुठून सुरू करायचं, सोबत आईला आत येता येईल का, आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक तिथे कोणत्या दिवशी असतात. काय म्हणाले ते मला कळवा.

तुमची लाडकी,
ताई