अनियतकालिक काढा, पण गोव्याचा पावसाळा सोसेल असे काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

नव्याने लिहिणाऱ्यांना गोव्यात मराठी छापायला जागा राहिली नाही, मासिके बंद पडली, दिवाळी अंक हातावर मोजण्याइतके उरले, अशी पत्रे आपल्या सदरात अलीकडे येत आहेत. दुखणे खरे आहे. पण त्यावरचे औषध मराठीने फार पूर्वीच शोधून ठेवले आहे आणि आज ते गावच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुंबईत १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या कवींनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढले ते सायक्लोस्टाइलवर. पुढच्या दशकात तर अशा अंकांची लाटच आली. तारखेचे बंधन नाही, जाहिरात नाही, कुणा संपादकाच्या होकाराची वाट पाहणे नाही; म्हणून नावच पडले अनियतकालिक. सायक्लोस्टाइल म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टंकयंत्राची फीत काढून अक्षरे ठोकायची किंवा लोखंडी लेखणीने कोरायची आणि शाईच्या रुळावर चढवून प्रती ओढायच्या. हात जड पडला की शिरोरेषेच्या रेघेतच स्टेन्सिल उसवायचे. आज ते कष्ट उरलेले नाहीत, म्हणून जागा नाही ही तक्रार आम्हाला अपुरी वाटते.

हिशेब साधा आहे. ए-४ आकाराचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानांची पुस्तिका होते. ११ पॉइंटचा टाइप आणि दोन ओळींत १६ पॉइंटचे अंतर ठेवले तर पानावर गद्याचे २०० ते २२५ शब्द मावतात. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने ओळी आवळल्या की मात्रा एकमेकींना अडखळतात. शंभर प्रतींना कागद लागतात ४००, छपाईच्या बाजू ८००. पाचशेची एक रीम घेतली की शंभर कागद वाया जाण्यासाठी हाताशी राहतात. पहिल्या खेपेला तेवढे लागतातही. मुखपृष्ठाला १६० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन असलेला) कार्ड कागद वेगळा घ्यावा.

सगळ्यांत जास्त गोंधळ पाने लावताना होतो. कागदाच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी छापायच्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त, म्हणजे सोळा पानांना १७. पहिल्या कागदाच्या एका बाजूला डावीकडे १६ आणि उजवीकडे १, त्याच्या पाठीला २ आणि १५. दुसऱ्यावर १४ आणि ३, पाठीला ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, पाठीला ६ आणि ११. चौथ्यावर १० आणि ७, पाठीला ८ आणि ९. यंत्रावर पाठपोट छपाई लावताना कागद आखूड बाजूने पलटेल अशी निवड करावी. लांब बाजूने पलटला तर पाठीची पाने उलटी येतात. आधी चार कोरे कागद दुमडून पेन्सिलीने पानांचे आकडे घालावेत, ते उलगडावेत आणि दुकानदारासमोर ठेवावेत. तोंडी सांगून हे काम कधीच नीट होत नाही. एक प्रत काढून, दुमडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटून पाहिल्याशिवाय उरलेल्या नव्व्याण्णवांना हात लावू नये.

दुकानात फाइल वर्डमध्ये नेऊ नये. तिथल्या संगणकावर आपला फाँट नसतो. वेलांट्या सरकतात आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातला मजकूर तर निव्वळ चिन्हांची रांगोळी होतो. फाँट आत बसवलेली पीडीएफ न्यावी आणि तीही पारखून घ्यावी. ‘वाऱ्यावर, तऱ्हा, उद्ध्वस्त, शक्ती’ एवढे चार शब्द छापून पाहिले की पुरे. अर्धा र किंवा जोडाक्षर मोडणार असेल तर ते इथेच मोडते. हाताने चिकटवून मूळ प्रत करणार असाल (आम्हाला ती अजूनही जास्त देखणी वाटते), तर पातळ डिंक टाळावा. त्याने कागद फुगतो आणि काचेवर सपाट बसत नाही. कात्रणांच्या कडांची सावली काळी रेघ होऊन उमटते, ती पांढऱ्या शाईने बुजवावी. कागदाच्या चारही कडांना निदान १० मिलिमीटर जागा कोरी ठेवावी, कारण अगदी काठापर्यंत यंत्र छापत नाही. प्रती नेहमी मूळ प्रतीवरूनच काढाव्यात. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की अनुस्वार आधी जातात.

आता आपल्या हवेचे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात कागद दमट होतोच. दमट कागदाच्या कडा लाटेसारख्या होतात, दोन कागद एकदम ओढले जातात, यंत्र अडकते आणि टोनर (यंत्रातली भुकटीची शाई) नीट न भाजल्यामुळे बोट फिरवले की अक्षर पुसते. म्हणून रीमचे वेष्टन यंत्रापाशीच फोडावे आणि उरलेला कागद लगेच प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावा. जमेल तर छपाई चवथीनंतर पाऊस ओसरला की सुरू करावी आणि शिगम्यापर्यंत आटोपावी. मुखपृष्ठ पूर्ण काळे करण्याची हौस अनेकांना असते. ते घडीवर तडकते आणि पांढरी भेग दिसते. कण्याच्या, म्हणजे मधल्या घडीच्या, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर पट्टा कोरा सोडावा, पोलादी पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी खाच पाडावी आणि मगच घडी घालावी. बाजारातल्या ए-४ कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, तर आपली घडी आडवी पडते. म्हणून ती फुगून उघडी राहते. स्टीलच्या चमच्याची पाठ दाबून फिरवली की बसते.

बांधणीला लांब दांड्याचा स्टेपलर नसेल तर साधा स्टेपलर उघडून, खाली जुन्या रबरी चपलेचा तळ ठेवून, कण्यावर पिन ठोकावी आणि आतून चमच्याने टोके वळवावीत. विकायच्या प्रतींना हे चालेल. जपायच्या प्रतींना पिन लावूच नये. खाऱ्या हवेत तिला गंज चढतो, आधी कागदावर तपकिरी डाग पडतो आणि पुढे तेवढाच कागद कुजून पान सुटते. त्यांना दोऱ्याची शिलाई घालावी. घडीवर तीन भोके पाडायची: एक बरोबर मध्ये, १०५ मिलिमीटरवर, आणि दोन वरच्या-खालच्या टोकापासून ३५ मिलिमीटरवर. अर्धा मीटर जाड सुती दोरा मेणबत्तीवर दोनदा ओढून घ्यावा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्यातून आत, आतल्या आत सरळ खालच्यातून बाहेर आणि परत मधल्यातून आत. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची एकेक टोके येतील अशी धरून, त्या टाक्यावरच गाठ मारायची. एका प्रतीला पाच मिनिटे लागतात.

भित्तीपत्रक काढणाऱ्यांसाठी एक सूचना. खळ करताना एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवावा, एकूण पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते रस्त्यावरच्या कागदाला मुळीच वापरू नये. खळीच्या वासाने गुरे कागद ओढून खातात आणि मोरचूद विषारी असते. भिंतीच्या मालकाची परवानगीही लेखी घ्यावी.

वाटपासाठी पुस्तकांच्या दुकानांवर अवलंबून राहू नये. आपल्याकडे देवळांच्या उत्सवात रात्रभर मराठी नाटके होतात आणि माणसे मांडी घालून पहाटेपर्यंत बसतात. इतका आयता वाचक मुंबईच्या अनियतकालिकवाल्यांना कधी मिळाला नसेल. मध्यंतरात चहाच्या टपरीपाशी वीस प्रती सहज जातात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही सोडू नये.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहोत ते. असे अंक निघतात आणि नाहीसे होतात. बहुतेकांवर ‘अंक पहिला’ एवढेच असते, महिना नाही, वर्ष नाही, गाव नाही. दहा वर्षांनी तो कागद कुणाच्या हाती आला तरी तो कधीचा हे कळायला मार्ग नसतो. आतल्या पानावर संपादकाचे, प्रकाशकाचे व छापणाऱ्याचे नाव, गाव, महिना, वर्ष आणि किती प्रती काढल्या तो आकडा घालावाच. ठराविक मुदतीने बातम्या आणि चालू घडामोडींवरील भाष्य छापायचे असेल तर नियतकालिकांच्या २०२३ च्या कायद्याखालील नोंदणी आधी पाहावी. पुस्तक म्हणून काढत असाल तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवायची असते. त्या चारांत गोव्यातले एकही नाही. म्हणून दोन प्रती पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात स्वतः नेऊन द्याव्यात आणि सोबतच्या पत्राच्या स्थळप्रतीवर पोच घ्यावी. १८३२ साली सुरू झालेल्या त्या ग्रंथालयात चार कागदांच्या पुस्तिकेलाही कपाट मिळावे, तिची वेगळी नोंद व्हावी, अशी आमची ग्रंथालयाला जाहीर विनंती आहे. घरातल्या प्रती मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, टोनर त्याला चिकटून निघून येतो. कागदी पाकिटात, आडव्या, भिंतीपासून दूर ठेवाव्यात आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली का ते पाहावे.

हा आग्रह अकारण नाही. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात सुरू झाला. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्याच राशोलला रोमी लिपीत छापले गेले, त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले. त्या तिन्ही छपाईंची एकही प्रत आज हाती नाही. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती सिद्ध झाली ती कुणी कुणी हाताने उतरवून जपलेल्या पोथ्यांवरून.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. ‘पोच’ सदरात पुस्तकांबरोबर आलेल्या अनियतकालिकांचीही दोन ओळींची नोंद छापावी: नाव, गाव, महिना-वर्ष, पाने, किंमत आणि प्रत कुठे मिळेल. परीक्षण नको. आणि नोंद झाल्यावर ती प्रत रद्दीत न जाता आपल्या ग्रंथालयात राहावी.

कळावे,
आपले नम्र,
छपाई व बांधणीचे काम जाणणारे काही वाचक, फोंडा